मागच्या पडद्याचे रंग

मी पडदा बोलतोय. पुढचा नाही, मागचा. पुढचा तो मखमली. दोरी ओढली की सळसळत बाजूला होतो आणि लोक टाळ्या वाजवतात. माझ्याकडे मुलं पाठ करून उभी राहतात आणि समोरच्यांशी बोलतात. मागची भिंत दिसू द्यायची नाही, एवढंच माझं काम. हडपसरच्या महापालिकेच्या हायस्कुलातली ही भिंत ओल येऊन इतकी फुगली आहे, की हे कामही काही थोडं नाही.

मी मूळचा मांजरपाट. रविवार पेठेतल्या दुकानातून मला आणलं ते रामदास सरांनी, म्हणजे या शाळेच्या पहिल्या चित्रकला शिक्षकांनी. शिवणाच्या तासाला मुलींनी माझे पट्टे जोडले. त्यातली एक शिवण तिरकी गेली, तेव्हा मुली रडवेल्या झाल्या. सर म्हणाले, "राहू दे. तिथे आकाश येणार आहे. आकाशाला कोण विचारतंय?" मग माझ्या वरखाली बांबू बसवले आणि अंगावर राजवाडा काढला.

पुढच्या वर्षी राजवाड्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला आणि जंगल काढलं. त्याच्या पुढच्या वर्षी दरबार. मग खेडं. खेडं सगळ्यांत जास्त वेळा आलं माझ्या वाट्याला. दोन डोंगर, मधून सूर्य, एक नदी, एक झोपडी. या मुलांच्या आजोबांचं खेडं तर इथेच होतं, आणि तिथे ना दोन डोंगर होते ना मधला सूर्य. पण चित्रातलं खेडं असंच असतं, असं कुणीतरी ठरवून टाकलं आहे.

दर वर्षी स्नेहसंमेलन, दर वर्षी नवा थर. माणसांना वाटतं, जुनं चित्र पुसलं. पुसलं काही जात नाही, ते खाली राहतं. मी जड होत गेलो, घड्या पडतात तिथे तडकत गेलो. संमेलन झालं की मला गुंडाळून स्टेजच्या कोपऱ्यात उभं करायचे आणि वर्षभर मी धूळ खात, उंदरांशी मिटवून घेत पडून राहायचो. खरं सांगतो, फार थकलो होतो.

अशात समाधान सर आले. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्याचेच पैसे. चित्रकला त्यांच्याकडे आणि नाटकही त्यांच्याचकडे, कारण नाटकाला वेगळा माणूस नेमायची पद्धत कुठेच नाही. संगीताला मात्र सुनीती मॅडम होत्या, शाळेच्या पेटीसकट. चित्रकलेला खोली नव्हती, म्हणून सरांचा वर्ग माझ्यासमोर, याच हॉलमध्ये भरायचा.

भरायचा म्हणजे, भरला तर. गणिताचे यज्ञेश्वर सर दारात येऊन उभे राहायचे. मोठे सभ्य गृहस्थ. "समाधान सर, आजचा आपला तास मी घेऊ का? पोर्शन राहिलाय." हे विचारताना खडू त्यांच्या हातातच असायचा. सर म्हणायचे, "घ्या." मुलं चित्रकलेच्या वह्या मिटायची आणि रंगाच्या पेट्या दप्तरात ढकलायची. यज्ञेश्वर सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. दहावीचा निकाल खाली आला तर जाब त्यांनाच द्यावा लागतो, चित्रकलेला कुणी जाब विचारत नाही.

त्यामुळे व्हायचं असं, की संमेलन जवळ आलं तरी माझ्यावर रेघ ओढलेली नसायची. मग समाधान सर सुटीच्या दिवशी धायरीहून मोटारसायकलवर यायचे आणि एकटेच काढत बसायचे. पावडरचे रंग कालवायचे, त्यात घरून शिजवून आणलेला सरस घालायचे. सरसाला वास इतका, की तो शिजला की त्यांची बायको खिडक्या उघडत फिरते, असं ते सांगायचे. पण त्याच्याशिवाय पावडर कापडाला धरत नाही. मुलांच्या वाट्याला काय, तर शेवटच्या दिवशी झाडाची पानं हिरवी करणं. खाली मात्र 'नववी ब'चं नाव.

एका संध्याकाळी सर आणि सुनीती मॅडम माझ्या मागे उभे होते. माझ्या पुढे माणसं पाठ केलेलं बोलतात, मागे आली की मनातलं बोलतात.

"खराडीला एका कंपनीत बोलावलंय," सर म्हणाले. "ॲपमधली चित्रं काढायची."

"केवढी?"

"नखाएवढी."

"पगार वेळेवर?"

"वेळेवर. सुट्ट्यांचासुद्धा."

"मग विचार कसला करताय? इथे राहिलात म्हणून काही गेटवर पुतळा बसवणार नाहीयेत तुमचा."

सर हसले नाहीत. "पोरांना सांगितलं नाहीये, मॅडम. आणि इतकी वर्षं संमेलनाचं चित्र मीच काढलं हो. जायच्या आधी एकदा तरी ते त्यांचं व्हावं. अख्खं त्यांचं."

"होऊ द्या की मग. तुमचा हात आवरला म्हणजे झालं," मॅडम म्हणाल्या आणि पेटी उचलून गेल्या.

त्या वर्षीचं नाटकही मुलांचंच होतं. नववी ब मधल्या निकिताने लिहिलं होतं. ही मुलगी वर्गात हजेरीपुरतं बोलायची, पण नाटकात तिने बसस्टॉपवर दिवसभर उभी असलेली एक म्हातारी लिहिली होती आणि ती म्हातारी काही केल्या गप्प बसत नव्हती. ते काम तिने स्वतःकडेच घेतलं.

सरांनी मुलांना माझ्यासमोर उभं केलं. "या वेळी मी एक रेघसुद्धा ओढणार नाही. आपला स्टॉप तुम्ही रोज बघता. काढा."

"सर, आऊटलाइन तरी द्या ना," उत्कर्षा म्हणाली. ही वर्गाची मॉनिटर.

"नाही. आणि उद्या मी नाहीये, जरा काम आहे. रंग कपाटात आहेत. चालू करा."

ते काम म्हणजे खराडीची मुलाखत, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला गणित कुणी घेतलं नाही. यज्ञेश्वर सर पेपर तपासण्यात अडकले होते. मुलांनी बादलीत पाणी घेतलं, पावडर ओतली, ढवळली आणि माझ्यावर तुटून पडली. उड्डाणपूल आला. पुलापेक्षा मोठी रिक्षा आली. वडापावची गाडी आली. जो तो आपली खिडकी कुठेतरी घुसवत होता, एकाने तर खिडकीत वाळत घातलेले बापाचे मोजेही काढले. इतक्या वर्षांत माझ्यावर इतके हात एका वेळी कधी पडले नव्हते. मला गुदगुल्या होत होत्या, पण एक गोष्ट खटकली. रंगाला वास नव्हता.

सरस घालायचा राहिला होता. राहिला म्हणण्यापेक्षा, तो घालतात हेच मुलांना माहीत नव्हतं. सर तो घरी शिजवायचे, मुलं यायच्या आधी मिसळून ठेवायचे. मला कळलं, पण मी तुमच्याशी बोलतो तसं त्यांच्याशी बोलता येत नाही.

सर परत आले आणि माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. कोरडी पावडर लांबून झकास दिसते, सरस घातल्यापेक्षाही उजळ. त्यांनी हात लावून पाहिला असता तर बोटं माखली असती. पण ओल्या-सुक्या चित्राला हात लावायचा नाही, हा नियम त्यांचाच. "रिक्षा मोठी झालीय," कुणीतरी घाबरत म्हणालं. "असू दे," सर म्हणाले. "तुम्हाला तीच मोठी दिसत असेल."

संमेलनाला हॉल गच्च भरला. निकिताच्या अंगावर तिच्या आजीची, वेणूबाईंची पांढरी साडी होती. चौदा एप्रिलला नेसायची, ट्रंकेत जपून ठेवलेली. आजी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. सर माझ्या मागे नाटकाची वही धरून उभे होते.

नाटक छान चाललं होतं. तेवढ्यात म्हातारी दमली आणि माझ्यावर काढलेल्या स्टॉपच्या खांबाला टेकली. पुढे गेली, वळली, आणि अख्ख्या हॉलला तिची पाठ दिसली. पिवळा खांब, अर्धी रिक्षा, पुलाचा तुकडा, सगळं साडीवर. माझ्यावर तिथे पांढरा डाग. मागच्या रांगेतून हसू सुरू झालं ते पुढे सरकत आलं.

निकिता थांबली. सर माझ्या मागून कुजबुजले, "निकिता, पुढचं वाक्य. 'बस येईल, बाळा.'" त्यांचा श्वास मला लागत होता. वाक्य तिला ऐकू गेलं असावं, पण ती बोलली नाही. तिने पदर पुढे घेऊन पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून सावकाश म्हणाली, "बघा. इतकी वर्षं इथे उभी आहे, बस काही मला न्यायला आली नाही. शेवटी स्टॉपच निघाला माझ्याबरोबर."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. हे वाक्य वहीत नव्हतं. सरांनी वही मिटली आणि तिथेच, माझ्या मागे, खाली बसले. ते रडत होते. तो आनंद होता की जायचं दुःख, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

नाटकानंतर मुलं माना खाली घालून आली. "सर, आमचं चुकलं. रंग उडाला."

"तुमचं नाही. सरस घालायचा असतो. मी कधी दाखवलाच नाही." वेणूबाई साडीची पाठ उलटसुलट करून बघत होत्या. "निघंल की साबणानं," त्या म्हणाल्या. "पोरगी बोलली मातुर झ्याक."

दुसऱ्या दिवशी सर शेगडी आणि सरसाची भिजवलेली कांडी घेऊन आले. मुलांना शिजवायला लावला, रंगात घालायला लावला, बोटावर चिकटेपणा बघायला लावला. वासाने पोरं नाकं धरून हसत होती. निकिता हसत नव्हती.

"सर, संमेलन झालं. आता कशाला दाखवताय? पुढच्या वर्षी दाखवा ना."

सरांनी शेगडी बारीक केली.

"तुम्ही चाललात का?"

"हो," सर म्हणाले.

मग, एरवी पुढच्या वर्षी मारायचा तो पांढऱ्या रंगाचा हात सगळ्यांनी मिळून माझ्यावर त्याच दिवशी मारला. रिक्षा गेली, पूल गेला, मोजे गेले. तो पांढरा रंग मुलांनी स्वतः कालवलेला होता आणि चांगला घट्ट बसला.

जूनमध्ये चित्रकलेला कुणी आलं नाही. सुनीती मॅडमची बदली झाली, पेटी कपाटात गेली. मग एक दिवस छताला प्रोजेक्टर लागला, आणि पांढरा, मोठा, आयता टांगलेला असा मीच सापडलो. हल्ली मला गुंडाळत नाहीत. रोज माझ्यावर त्रिकोण येतात, नकाशे येतात, बेडकाचं हृदय येतं. अंगाला काहीही लागत नाही. थकलेल्याला आणखी काय हवं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणत होतो.

कलेचा तास वेळापत्रकात आहे अजून. त्या तासाला व्हिडिओ लावतात. एक गोरापान हात येतो आणि आंबा कसा काढायचा ते पायरीपायरीने दाखवतो. मुलं हाताची घडी घालून बघतात. यज्ञेश्वर सर मागे बसून पेपर तपासतात.

परवा नेट अडकलं. आंबा अर्धा झाला होता, हात हवेत थांबला. मुलं अर्ध्या आंब्याकडे बघत बसून राहिली. निकिता आता दहावीत आहे. ती उठली, पुढे आली आणि शिसपेन्सिलीने माझ्यावर आंब्याची राहिलेली बाजू काढली. देठ काढला, देठाला एक पान काढलं.

"दहावीचं वर्ष आहे, निकिता," यज्ञेश्वर सर म्हणाले. "बसा जागेवर."

ती बसली. नेट आलं, हाताने आपला आंबा पुरा केला आणि तो गेला. निकिताची अर्धी बाजू माझ्यावर राहिली. नंतर यज्ञेश्वर सर प्रोजेक्टर बंद करायला आले तेव्हा त्यांना ती दिसली. खिशातला रुमाल त्यांनी काढला, थोडा वेळ हातात धरला, परत खिशात घातला आणि दिवे मालवून गेले.

उद्या कुणीतरी ओलं फडकं घेऊन येईलच, पडदा स्वच्छ हवा म्हणून. त्यांना माझा एक निरोप सांगा. बाकी सगळा पुसा, माझी ना नाही. तेवढी रेघ राहू द्या.