ओडीलची स्काल्डिया

बेल्जियममधल्या टेम्से गावी, नदीच्या धक्क्यावर दर उन्हाळ्यात आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा मेळावा भरतो, आणि दरवर्षी लोक मला गाड्या ओळखायला लावतात. एखादी गाडी आपल्या देशात एका नावानं विकली जायची, आणि बाहेर पाठवताना तिच्यावर दुसरंच नाव ठोकायचे. रशियातली झिगुली इकडे आली की लाडा. पूर्व जर्मनीची वार्टबुर्ग इंग्लंडात उतरली की नाइट. नावाची पट्टी काढून टाकली तरी बिजागऱ्या, काचेचा उतार, दिव्यांभोवतीची कड बघून गाडी मूळची कुठल्या घरची ते मी सांगते. वाहन तपासणी केंद्रातून निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. "फेर्ला आली रे, बॉनेटं झाका!" असं म्हणून मंडळी हसतात.

त्या वर्षी मात्र हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही.

आमचा अध्यक्ष लीव्हन दिर्क्स. जुन्या गाड्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या, हा त्याचा धंदा. बोलायला मध, गळ्यात कायम रेशमी रुमाल. त्यानं धक्क्याच्या मधोमध दोरी बांधून आत एक काळी व्होल्गा उभी केली होती. बॉनेटवर उडी मारणारं चकचकीत हरीण. शेजारी फलक: 'सोव्हिएत सरकारी गाडी. रिगाहून आणलेली. अस्सल.' ब्रेमेनहून वीगांट नावाचं एक गिऱ्हाईक आलं होतं. तो सिनेमावाल्यांना जुन्या गाड्या पुरवतो. तो त्या हरणावरून असा हात फिरवत होता की जणू पाळलेलंच आहे.

मी सवयीनं गाडीला एक फेरी मारली. हरणाला मी फारशी किंमत दिली नाही, हरीण कोणीही बसवतं. मागच्या झाकणाशी आले आणि थबकले. ऊन तिरपं पडलं होतं, आणि काळ्या रंगाखाली बुजवलेल्या भोकांची एक ओळ दिसत होती. इथे एक नाव होतं, आणि ते कोणीतरी उपटलं होतं. छतावर बोटानं टकटक केली. सगळीकडे पत्रा वाजला, मध्यभागी मात्र बद्द आवाज आला. तिथंही काहीतरी बुजवलेलं.

"लीव्हन, बॉनेट उघड."

"पाहुण्यांचं होऊ दे, मग तुझं बघू," तो म्हणाला. पण वीगांट कौतुकानं बघत उभा होता, त्यामुळे त्याला उघडावंच लागलं.

आत पेट्रोलचं इंजिन होतं, रशियन, धुऊनपुसून ठेवलेलं. पण त्याच्याखालचे जुने आधार कापून, घासून नवे जोडले होते. तिथं आधी वेगळं इंजिन बसलेलं होतं. इंजिनामागच्या पत्र्यात थंडीत डिझेल इंजिन तापवायच्या तारांसाठी पाडलेली भोकं तशीच होती.

"लीव्हन, ही स्काल्डिया आहे."

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना हे नाव माहीत आहे. व्होल्गा जहाजानं अँटवर्पला यायची, तिथं तिच्यात इंग्रजी डिझेल इंजिन बसवायचे, आणि आमच्या स्खेल्डे नदीच्या लॅटिन नावावरून तिला स्काल्डिया म्हणायचे. रशियन अंग, इंग्रजी काळीज, फ्लेमिश नाव. टॅक्सीवाल्यांची लाडकी. आता हुडकूनही सापडत नाही.

"हळू बोल ना जरा," लीव्हन हसत हसत दातांतल्या दातांत म्हणाला.

मी मागचं दार उघडलं. दाराच्या कडेला चामड्याचा एक पट्टा रिबिटांनी ठोकलेला होता. म्हाताऱ्या बायकांना चढताना धरायला. हा पट्टा धरून माझी आई इस्पितळात जायची. छतावर बुजवलेली जागा टॅक्सीच्या दिव्याची होती. आमच्या गावात अशी एकच टॅक्सी होती.

"ही ओडीलची गाडी."

ओडील फरस्ट्रेपन. बुटका, बडबड्या, शिट्टी वाजवत गाडी पुसणारा. दोन वर्षांपूर्वी गेला, मागे बायको आलीडा.

"होती," लीव्हन म्हणाला. "आलीडाबाईंनी स्वतःच्या हातानं किल्ली दिलीय. सगळं कायदेशीर आहे."

"आणि इंजिन?"

"विकलं. अगं, बेल्जियन डिझेल टॅक्सीला कोण विचारतं? लोकांना रशिया पाहिजे. हेर, टोप्या, काळी गाडी."

"अख्ख्या देशात अशा चार धड गाड्या नसतील, आणि तू तिची आतडी काढून विकलीस?"

"भावना बाजूला ठेव, फेर्ला."

मी तिथून तडक निघाले. तेव्हाचा माझा राग गाडीपुरताच होता. आलीडाला निदान माहीत तरी असावं, एवढंच मनात होतं.

आलीडा चर्चच्या मागच्या गल्लीत राहते. स्वयंपाकघरात फरसबीच्या शिरा काढत बसली होती. मला बघून तिनं कॉफी ओतली. मी जपून विषय काढला.

"ओडीलची गाडी बघितली गं मी आज. धक्क्यावर."

"ती फसवी?" ती मान वर न करता म्हणाली.

"फसवी?"

"दिर्क्स बघायला आले होते ना. ओडील जाऊन महिनाही झाला नव्हता. इथंच बसले होते, तू बसलीस त्या खुर्चीत. म्हणाले, बाई, वाईट वाटतं सांगायला, पण गाडी रशियन, इंजिन इंग्रजांचं, वर नाव तिसरंच. भंगारातल्या तीन गाड्या जोडून एक केलीय. नवी म्हणून घेतली असं तुमचे मालक सांगत असतील तर एक तर ते फसले, नाहीतर त्यांनी तुम्हाला फसवलं." फरसबीची शेंग तिच्या बोटांत मोडली. "आणि फसणारा नव्हता गं ओडील. गाड्यांतलं त्याला सगळं कळायचं."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? माझ्या आईच्या जमिनीचा वाटा आला होता, तो सगळा त्या गाडीत घातला होता आम्ही. नवी कोरी आहे, अजून कोणी बसलेलंसुद्धा नाही, तूच पहिली, असं म्हणून मला ब्लांकनबेर्खला समुद्रावर नेलं होतं त्यानं. म्हणजे भंगार घेतलं आणि बाकीचे पैसे कुठं घातले? कुठल्या बाईवर? कुठल्या जुगारावर? दोन वर्षं हाच विचार करतेय मी. दिर्क्सना म्हटलं, न्या हो ती, माझ्या डोळ्यांसमोर नको. उलट त्यांचेच आभार मानले, खरं सांगितलंत म्हणून."

मी कप खाली ठेवला.

"आलीडा, ऐक. ती गाडी तशीच यायची. रशियन गाडी, इंग्रजी इंजिन, स्काल्डिया नाव. अँटवर्पला तशीच तयार व्हायची आणि तशीच विकायचे. नवी कोरी. ओडील एक अक्षर खोटं बोलला नाही."

तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"दिर्क्सना हे ठाऊक नसेल."

"ओडील गेला त्याच्या आदल्याच हिवाळ्यात त्यानं मंडळात स्काल्डियावर तासभर व्याख्यान दिलं. मी पहिल्या रांगेत होते."

ती उठली, हात धुतले, एप्रन काढून खुंटीला लावला. घरातल्या सपाता काढून बाहेरचे बूट घातले. "चल," म्हणाली.

गाडीत मी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटं दुखायला लागली. धंद्यात लबाडी होते, माल पाडून मागतात, हे मी जन्मभर पाहिलं. पण माल पाडून मागण्यासाठी एका मेलेल्या माणसाला त्याच्या बायकोच्या नजरेतून पाडायचं? आणि वर तिचीच कॉफी प्यायची? शेजारी आलीडा ताठ बसली होती. पर्स मांडीवर, नजर समोर.

धक्क्यावर आमचा खजिनदार आखील आडवा आला. भला माणूस, पण भांडण दिसलं की ते पुढं ढकलतो.

"फेर्ला, आज नको गं. पाहुणे आहेत, पोरंबाळं वॉफल खातायत. सोमवारी बैठकीत बोलू की."

"तू बोल सोमवारी," मी म्हटलं. "ही आज बोलणार आहे."

आलीडा तोवर दोरीखालून वाकून आत गेली होती. कोणाला काही कळायच्या आत तिनं मागचं दार उघडलं, आत बसली आणि दार ओढून घेतलं. लीव्हन हातात बिअरचा ग्लास घेऊन वीगांटशी बोलत होता. तो धावत आला.

"अहो आलीडाबाई! किती दिवसांनी! या ना, बाहेर या, तुम्हाला काहीतरी थंड देतो."

तिनं काच खाली केली. "मी इथून उठत नाही."

"असं काय करता?"

"माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणालात. आता इथं सगळ्यांसमोर सांगा, तो खरं बोलत होता."

"काहीतरी गैरसमज झाला असेल हो..."

"गैरसमज माझा झाला, तुमचा नाही झाला. तुम्हाला माहीत होतं."

लोक जमायला लागले. वॉफलवाली पिठाच्या पळीसकट आली. लीव्हन माझ्याकडे वळला, आवाज खाली आणून म्हणाला, "तूच भरवलंस ना हे तिच्या डोक्यात?"

"मी फक्त व्याख्यान सांगितलं. तुझंच," मी म्हटलं. आवाज खाली आणायची मला काही गरज वाटली नाही. "माइक तिकडे आहे, अध्यक्षसाहेब. बक्षिसं वाटायला घेता तोच."

आखील मध्ये पडला. "लीव्हन, बोलून टाक बाबा दोन शब्द. म्हातारी बाई आहे."

"म्हातारी असल्याचा इथं काय संबंध?" आलीडा आतून ओरडली. इतका मोठा आवाज तिच्याकडे असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. "वीस वर्षांची असते तर माझ्याशी खोटं बोललेलं चाललं असतं?"

कोणीतरी हसलं. लीव्हनचा चेहरा तांबडा झाला. त्यानं माइक घेतला आणि वळणं घेत घेत बोलायला लागला. जुन्या गाड्यांचा विषय गुंतागुंतीचा असतो, माहिती अपुरी असते...

"खरं बोलत होता, एवढंच!" आलीडा.

तो थांबला. मग रुमाल सैल केला आणि म्हणाला, "ही गाडी स्काल्डिया म्हणून अँटवर्पला नवी विकली गेली. ओडील फरस्ट्रेपननी ती नवी घेतली. ते खरं बोलत होते."

"आता जर्मनमध्ये. या पाहुण्यांना कळू दे."

त्यानं जर्मनमध्येही सांगितलं, हळू आवाजात. तरी माइक होता, नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. आलीडा दार उघडून उतरली. गाडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला वाटलं, आता वीगांट पाठ फिरवून जाईल. तो माझ्याकडे आला, शांतपणे विचारलं, "म्हणजे रिगा वगैरे सगळं बनावट?" मी हो म्हटलं. त्यानं खांदे उडवले. "पडद्यावर कोण बॉनेट उघडून बघतंय? काळी आहे, हरीण आहे. बास." आणि तासाभरात गाडी त्याच्या ट्रेलरवर चढलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी लीव्हनला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आखीलनं मला दंडाला धरून बाजूला नेलं. सोमवारची बैठकही झाली. लीव्हन अध्यक्ष राहिला, कारण दुसरं कोणी ते काम अंगावर घ्यायला तयार नव्हतं. मी सभासदत्व सोडलं.

पण त्या दिवशी घरी जाताना आलीडा मध्येच म्हणाली, "स्मशानात घे."

उन्हं अजून होती. ओडीलच्या थडग्याच्या दगडावर शेवाळ चढलं होतं, कुंडीतलं झाड वाळून काटकी झालं होतं. शेजारच्या सगळ्या थडग्यांवर ताजी फुलं. आलीडानं तिथं उभं राहून जे सुरू केलं ते मी पुन्हा कधी ऐकणार नाही.

"बडबड्या मेल्या!" ती म्हणाली. "गावभर पाल्हाळ लावायचास. कुठल्या म्हातारीचा गुडघा दुखतो ते मला सांगायचास. मग हे नाही सांगता आलं? की बाई, ही गाडी अशी असते, इंजिन त्यांचं, नाव आपलं? एकदा? मला गाड्यांतलं कळत नाही म्हणून सांगितलं नाहीस ना? बघ मग काय झालं! तुझं नाव घरात काढलं नाही मी. तुझा कोट देऊन टाकला. कोणी विषय काढला की तोंड फिरवायची. त्या रुमालवाल्याचं ऐकलं, आणि तुला विचारायला तू नव्हतास..."

तिनं पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. खाली वाकली आणि दगडावरचं शेवाळ खरवडायला लागली, जोरजोरात, नखांनीसुद्धा. मी मदतीला वाकले तर म्हणाली, "तू राहू दे. माझं आहे हे."

मी फाटकापाशी जाऊन थांबले. तिथूनही ती ऐकू येत होती. रागावत होती, मध्येच काहीतरी विचारत होती, गप्प होत होती, पुन्हा रागावत होती. राखणदार फाटक लावायला आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कोणाशी भांडतायत?"

"नवऱ्याशी," मी म्हटलं. "दोन वर्षांचं साचलंय. थांबा जरा."