शिडी घेऊन पुलापलीकडे

साहेब, माझ्या बायकोला तुम्ही पाडलंत. समोरच्या पक्षाने नाही, मतदारांनीही नाही, तुम्ही. एकदा नव्हे, तीनदा. आणि तिन्ही वेळा निकालानंतर तिचा हात हातात घेऊन म्हणालात, "ताई, हार-जीत चालायचीच."

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. शाळेत फार टिकलो नाही, लिहायला आपलं आपण शिकलो. त्यामुळे गोड लिहिता येत नाही. ज्या रविवारी हे सगळं उघडं पडलं, तो रविवार तुमच्यापुढे मांडतो. ऐकायला वेळ नसेल तर काढा.

बाजार उघडायच्या आत आम्ही पुलावर होतो. शिडीचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर, मागचं तिच्या. तिने कोटाची कॉलर वर केली होती, थंडी नसताना. आम्ही तिची पोस्टरं उतरवायला निघालो होतो. निवडणूक झाली की ज्याची पोस्टरं त्याने आठवड्याच्या आत उतरवायची, असा इथला नियम. जिंकलेल्याची माणसं हे काम हसतखेळत करतात. हरलेल्याची माणसं निकालाच्या दिवशीच हवेत विरतात. पुलाच्या अलीकडे आमची कॉलनी, तिथली पोस्टरं दर वेळी आम्ही दोघं उतरवत आलो. पलीकडची तुमचे कार्यकर्ते लावतात आणि तेच उतरवतात, असं आम्हाला सांगितलेलं. यंदा तुमच्या ऑफिसात कोणी फोन उचलेना, तर आदल्या रात्री ही म्हणाली, आपणच जाऊ.

"अगं, राहिलं एखादं खांबावर तर काय आभाळ कोसळतंय?" मी म्हणालो.

"त्यांचं राहिलं तर म्हणतील, विसरले असतील. आपलं राहिलं तर म्हणतील, ही बाहेरून आलेली माणसं अशीच."

मी उठलो. शिडी काढली.

आम्ही या गावात आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. आता ती तिच्या सासरी, दुसऱ्या शहरात. तेव्हापासून मी लिफ्टच्या खड्ड्यात आणि ही वृद्धाश्रमात, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायच्या कामावर. आश्रमाची पहिली पाळी सुरू होऊन गेल्यावर आमच्या कॉलनीची पहिली बस येते. बायका अंधारात हमरस्त्याच्या कडेकडेने चालत जातात. हिच्याबरोबर चालणाऱ्या एका बाईच्या पायावरून ट्रक गेला, तेव्हा ही पहिल्यांदा अर्ज घेऊन सरकारी कचेरीत गेली. मग दुसऱ्यांदा गेली. मग तुमचा चिटणीस आमच्या दारात आला. म्हणाला, ताई, अर्ज कसले करता, उभ्याच राहा, तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला.

मी म्हणालो, नस्तं लचांड आहे. पण हिचा चेहरा बघितला. या गावात आजवर कोणी तिला हवी आहेस असं म्हटलं नव्हतं, साहेब. मीसुद्धा किती वेळा म्हटलं असेन?

चिटणीसाने कामाची वाटणी करून दिली. कॉलनी ताईंनी सांभाळायची. पुलापलीकडे पक्षाची माणसं बघतील. "तिकडे तुम्ही दारोदार फिरू नका," त्याने बजावलं. तिकडच्या लोकांना दारात नवखं माणूस आलेलं खपत नाही म्हणे, चेहरा पोस्टरवर दिसला की पुरे. आम्हाला वाटलं, त्यांची माणसं ते ओळखतात.

इथे मत पक्षाच्या यादीला पडतं, यादीत पहिलं नाव तुमचं, आणि शिवाय यादीतल्या आवडत्या नावावर खूण करायची. मोजणीत कुठल्या भागाने कुणाला किती मतं दिली तेही कळतं. कॉलनीने हिला भरभरून दिली. पलीकडून जेमतेम चिमूटभर. हरण्याचं तिला फार वाटलं नाही, पण ती चिमूट तिच्या जिवाला लागली. तेव्हापासून तिने पूल ओलांडणं टाकलं. बाजार पुलाच्या पलीकडे उतरलं की लगेच आहे, पण ही बस धरून भलत्याच टोकाच्या बाजारात जायची आणि पिशव्यांनी खांदे दुखवून घेऊन यायची. मी एकदा चिडलो.

"सगळ्यांनी माझा चेहरा बघितला आणि नको म्हणाले," ती म्हणाली. "आता त्याच चेहऱ्याने त्यांच्याकडे बटाटे मागू?"

तरीही पुढच्या वेळी ती उभी राहिली, त्याच्या पुढच्या वेळीही राहिली, कारण बायका अजून अंधारातच चालत होत्या. आणि चिटणीस दर वेळी सांगायचा, लोकांच्या नजरेत बसायला वेळ लागतो ताई, फोटो मात्र तोच ठेवू. तो फोटो पहिल्या वेळचा. त्यात हिचे केस काळेभोर आहेत.

आता माझं ऐका. मला तिची लाज वाटायची. कॉलनीत आमचीच माणसं तिला मेंबरीणबाई म्हणायची. खालच्या मजल्यावरचा शिंपी मला जिन्यात अडवून विचारायचा, "काय मालक, शपथविधीचा कोट शिवायला कधी टाकताय? कापड खराब व्हायला लागलंय माझ्याकडचं." मुलीने सासरी सांगून ठेवलं होतं की आई जरा समाजकार्य करते. आणि मी खांबावरून हिची पोस्टरं उतरवली की काखेत धरताना चेहऱ्याची बाजू आत करायचो. ही खाली शिडी धरून उभी असायची. तिला ते दिसायचं.

कामावर मात्र एकाने कधी शब्द काढला नाही. माझ्याबरोबरचे सगळे पुलापलीकडचे. मला वाटायचं, काय भली माणसं आहेत, बायको तीनदा आपटली तरी तोंडावर रेषसुद्धा नाही. आपली माणसं टोचतात आणि परकी जपतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत राहवलं नाही म्हणून मुकादमाला म्हणालो, "तुम्ही कधी माझी चेष्टा केली नाहीत, बरं वाटतं."

"कशाबद्दल?" तो म्हणाला.

मला वाटलं, बघा, हाही त्याचा चांगुलपणा.

तर त्या रविवारी आम्ही पूल उतरलो. पहिल्या खांबावर तुमचा चेहरा. दुसऱ्यावर तुमचा. चौकात दोन्ही बाजूंनी तुमचाच. तुमचे दात पावसातही शाबूत राहिले होते. हिचं पोस्टर कुठे नव्हतं. बाजाराची गल्ली झाली, शाळेची झाली, दवाखान्याची झाली. दर खांबापाशी ती मान वर करायची आणि दर खांबापाशी तिची कॉलर थोडी खाली यायची.

"बघा, आधीच उतरवली त्यांनी," शेवटी ती म्हणाली. "उगाच शिव्या घालत होतात. स्वतःची ठेवली अन् माझी आधी उतरवली."

तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला गप्प बसावं लागलं. कारण खांबावर तुमच्या पोस्टरखाली कशाच्याही खुणा नव्हत्या. ना तुटलेली पट्टी, ना घासलेला रंग. खांब कसा कोरा.

पावाच्या दुकानातली बाई शटर वर करत होती. आमची शिडी बघून तिला वाटलं आम्ही विजेचे. म्हणाली, आलाच आहात तर माझी पाटी सरळ करून द्या, वाऱ्याने कललीय. मी चढलो. ही खाली शिडी धरून होती. बाईने सहज विचारलं, कुठून आलात, कसलं काम. हिने बराच वेळ धीर गोळा केला असावा.

"इथली माझी पोस्टरं कधी उतरवली, काही कल्पना आहे?"

"तुमची? कसली?"

"निवडणुकीची."

बाईने हिला खालून वर बघितलं. "तुम्ही उभ्या होतात? अहो, मी दिवसभर इथेच बसते. या खांबावर त्या टकल्याशिवाय कोणी नव्हतं."

"याच्या आधीही नव्हतं?"

"कधीच नाही. कसली निवडणूक लढवत होतात?"

हिने बसचं सांगितलं. शिकवलेलं भाषण म्हणावं तसं, पण हळू. ती बाई ऐकता ऐकता पिठाचे हात पुसायचे थांबली. तिची बहीण आमच्याच आश्रमात स्वयंपाकाला आहे म्हणे. आश्रमाजवळ नातेवाइकांकडे झोपायला जाते, पहाटे अंधारात चालायला नको म्हणून.

"मला तर कुणाला मत द्यायचं तेच कळेना," ती म्हणाली. "मग मी गेलेच नाही. आधी सांगायचं नाही का बाई?"

मी वर शिडीवर होतो. पाटी केव्हाच सरळ झाली होती, पण मला खाली उतरवेना.

तुमचं ऑफिस तिथून जवळच. आम्ही शिडी भिंतीला लावून आत गेलो. साफसफाई चालली होती. मागच्या खोलीचं दार सताड उघडं आणि ती झाडता झाडता दमलेला शिपाई एका गठ्ठ्यावर बसून चहा पीत होता. तसलाच दुसरा गठ्ठा दार आपटू नये म्हणून दाराला लावलेला. त्याच्यावरचा कागद कोपऱ्यात फाटला होता आणि त्यातून हिचा एक डोळा आमच्याकडे बघत होता.

छापखान्याची सुतळीसुद्धा सुटलेली नव्हती, साहेब. तीन निवडणुकांत. कॉलनीपुरती मूठभर पोस्टरं काढून घ्यायची आणि बाकीची पुन्हा दाराला लावायची. म्हणून तो फोटो बदलायचा नव्हता.

चिटणीस आला. तो घाबरला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने खुर्च्या पुढे केल्या.

"ताई, एवढी शिडी घेऊन कशाला आलात, मी पाठवून दिली असती. चांगली आहेत अजून. पुढच्या वेळी होतील."

मी त्याला विचारलं, ही लावली का नाहीत. त्याने मला समजावलं, जसं मी एखाद्या म्हाताऱ्याला लिफ्टची बटणं समजावतो.

"हे बघा मालक, यात राग मानू नका. पुलापलीकडे ताईंचा चेहरा लावला तर तिकडची मतं बिघडतात, साहेबांची. आणि अलीकडे नाही लावला तर तुमच्या कॉलनीची जातात, तीही साहेबांचीच. मग काय करायचं? ताईंमुळे कॉलनी घट्ट राहिली. हे छोटं काम नाही."

माझा हात उठला होता. खोटं कशाला बोलू? पण हिने माझ्या मनगटावर बोटं ठेवली. तिचं लक्ष चिटणीसाकडे नव्हतंच. दाराला लावलेल्या गठ्ठ्याकडे बघत ती मला म्हणाली, "अहो, म्हणजे त्यांनी मला नको म्हटलंच नाही."

"नाही."

"त्यांनी मला बघितलंच नाही."

"नाही."

"मग मी लांबच्या बाजारात का जात होते?"

चिटणीस म्हणाला, ताई, चहा घेणार ना. शिपाई गठ्ठ्यावरून उठला. खरं तर तुमच्या त्या ऑफिसात लाजेने उठला तो एवढा एकटाच.

मग हिने ती पोस्टरं मागितली. चिटणीस म्हणाला, राहू द्या हो, ओझं कशाला. तर ही म्हणते, "नियम आहे ना, आपली आपण उतरवायची. आठवडा संपत आला." मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती.

शिडी आडवी धरली, तिच्यावर गठ्ठे ठेवले, सुतळीने बांधले. ती पुढे, मी मागे. रस्त्यातली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. आम्ही कशासारखे दिसत होतो ते मी लिहीत नाही, तुम्ही पुष्कळ मयतांच्या घरी समाचाराला जाता, तुम्हाला कळेल.

तोवर बाजार भरला होता. नाक्यापासून सरळ बाजारातून गेलं की पूल. दुसरी वाट रेल्वेच्या मालधक्क्याच्या भिंतीकडेने, वळसा घालून. मी मनात म्हटलं, आज ही मधूनच जाणार. जावं. बटाटे घ्यावेत, घासाघीस करावी, चांगले दोन शब्द सुनवावेत कुणाला तरी. मी माझ्या बाजूची शिडी जरा उंच धरली. वरच्या गठ्ठ्याचा कागद मी पुरता फाडला होता, चेहऱ्याची बाजू वर होती. मी ती मुद्दाम वर केली होती.

नाक्यावर ती भिंतीकडे वळली.

"अगं, सरळ."

"माहीत आहे." ती थांबली. शिडी थांबली. "पायच तिकडे वळले." आणि मग, मागे न बघता, "राहू दे. आज राहू दे."

मी तिच्या मागून भिंतीकडेने चालत राहिलो.

ते गठ्ठे आता आमच्या गॅलरीत आहेत. शिंपी वर आला होता, बघून गेला. त्याने कोटाचं काही विचारलं नाही. ती अजूनही बस धरून लांबच्याच बाजारात जाते. मी काही म्हणत नाही. ती पहाटे अंधारात कामावर निघते, त्यावरही मी काही म्हणत नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तुमच्याकडे आहे. चिटणीसाला पाठवू नका, फोनवर बोलू नका, पुढच्या वेळचं नाव काढू नका. तुम्ही स्वतः या. दिवसाढवळ्या, बाजारातून चालत, पूल ओलांडून. जी लाज इतकी वर्षं आमच्या घरात राहिली, तिच्या खांद्यांवर बसली, माझ्या काखेत तोंड लपवून राहिली, ती तुमची होती. ती न्यायला कधी येताय, ते सांगा.