घुमटावरचे रोप

मी एक जुनी शिडी आहे. बावीस पायऱ्यांची, सागवानी आणि थोडी कुरकुरणारी. हसू नका मित्रांनो, कुरकुर तुम्हीही करता!

गावाबाहेरच्या जुन्या मशिदीच्या घुमटावर चढण्यासाठी एका गवंड्याने मला घडवले. पाखरे घुमटाच्या भेगांत बिया टाकत आणि तिथे रोपे उगवत. दरवर्षी गवंडी माझ्यावरून चढे, रोपे मुळासकट उपटी आणि भेगांत चुना भरी. त्याची लहानगी लेक खाली मला धरून उभी राही.

"बाबा, एवढंसं तर आहे! राहू द्या की."

"करंगळीएवढं आहे तोवरच उपटायचं, बाळा. मनगटाएवढं झालं की घुमट फोडतं."

पुढे नमाज गावातल्या नव्या मशिदीत होऊ लागली. गवंड्याची दृष्टी गेली, लेक कामाला शहरात गेली. मी मागच्या भिंतीशी आडवी पडले. वर्षानुवर्षे मुंग्यांशिवाय कुणी फिरकले नाही. फार एकटे वाटे.

एका उन्हाळ्यात मशिदीवर नव्याने नेमलेल्या राखणदाराने मला उचलले. माणूस मनाने भला. घुमटावरचे एक रोप सुकताना पाहून त्याचा जीव कळवळला. मग तो रोज कळशी घेऊन माझ्यावरून चढू लागला आणि रोपाला पाणी घालू लागला. जुनी मशीद बघायला येणारे पाहुणे म्हणत, "घुमटावर झाड! काय देखणं दिसतंय!" मला गवंड्याचे शब्द आठवत होते. पण खरे सांगू? कुणीतरी रोज येते, याचेच मला सुख वाटत होते.

अशी काही वर्षे गेली आणि परवा गवंड्याची लेक आली, म्हाताऱ्या बापाचा हात धरून. या वेळी मला धरून बाप उभा राहिला आणि ती चढली. झाड तिच्या मनगटाहून जाड झाले होते. भेगेतून मशिदीच्या आतला अंधार दिसत होता.

"केवढं आहे गं?" बापाने खालून विचारले.

तिने खोडावरून हात फिरवला.

"करंगळीएवढं, बाबा."

"मग उपट की!"

तिने एक कोवळी डहाळी मोडली आणि खाली येऊन त्याच्या हातात दिली. त्याने ती चाचपली, करंगळीला लावून पाहिली आणि समाधानाने हसला.

मित्रांनो, हा घुमट आता वाचेल का, मला ठाऊक नाही. पण तुमच्या गावातही जुनी वास्तू असेल. अधूनमधून मान वर करून तिच्याकडे बघा आणि रोप करंगळीएवढे असतानाच या. शिडी मागच्या भिंतीशीच असते.