तोंडी परीक्षेला आलेली आई

वसीलाच्या तोंडी परीक्षेला तिची आई तुर्किया डोंगरातल्या मनाआ गावाहून सकाळच्या पहिल्या बसने आली. एकटी नाही, बरोबर दोन मावश्या, एक आत्या आणि मक्रूतच्या वड्यांची मोठमोठी ताटं. बातना शहराच्या विद्यापीठाला याचं नवल नव्हतं. पोरगी डॉक्टरेट मिळवणार म्हणजे घरच्यांना लग्नच ते. मागच्या बाकांवर सगळे नटून बसतात, निकाल वाचला की बायका जीभ हलवून उंच ललकारी घालतात, आणि मग खजुराची वडी परीक्षकांच्याही तोंडात जाते.

उनीसाबाई दारातच उभ्या होत्या. वसीला त्यांची शेवटची विद्यार्थिनी. उन्हाळ्यात बाई निवृत्त होणार होत्या, आणि डोंगरातल्या गव्हाच्या जुन्या वाणांचा त्यांचा विषय पुढे शिकवायला वसीलाखेरीज कुणी उरलं नव्हतं. आधीचे तिघे एकेक करून गेले. कुणी फ्रान्सला, कुणी कॅनडाला, एक कतारला. ही राहिली तर वर्ग राहील, नाहीतर बंद पडेल, हे शिपायालाही ठाऊक होतं.

"बहिणी, निकाल लागला हे आम्हाला कळायचं कसं?" तुर्कियाने विचारलं. दोघी एकाच डोंगरातल्या, त्यामुळे बोलणं घरच्या भाषेत. "ही म्हणते, आज सगळं इंग्रजीत."

"परीक्षक उठून उभे राहिले की समजायचं."

"फ्रेंच होती ते बरं होतं गं. निदान शिव्या तरी कळायच्या."

बाई हसल्या. त्या स्वतः फ्रेंचमधून शिकल्या होत्या. नोकरीत जरा स्थिरावतात तोच हुकूम आला, अरबीतून शिकवा. मुळापासून कुसळापर्यंत सगळ्याला नवी नावं शोधताना तरुणपण सरलं. आता साठी उलटल्यावर इंग्रजी. गहू तोच. त्यांची आई त्याला ज्या नावाने ओळखायची, ते नाव मात्र कुठल्याच वर्गात कधी पोचलं नाही.

परीक्षा सुरू झाली. पदवी हॉलंडच्या एका विद्यापीठाबरोबर जोडलेली, म्हणून तिकडचे एक परीक्षक भिंतीवरच्या पडद्यावर होते आणि त्यांचाच शब्द जड होता. वसीला छान बोलली. मग ते बोलू लागले, मऊ आवाजात, हसतमुखाने.

"काम सुंदर आहे. पण तिसरं प्रकरण मला पटलेलं नाही. गावागावाचं वाण वेगळं, हे तुम्ही सिद्धच केलेलं नाही. गावातल्या बायका तसं सांगतात, एवढाच पुरावा दिसतो. त्याशिवाय पदवी कशी द्यायची?"

वसीलाचा चेहरा उतरला. आणि तेवढ्यात ते गृहस्थ, त्यांच्या मागची खिडकी वाऱ्याने आपटत होती म्हणून, ती लावायला उठून उभे राहिले.

तुर्कियाने ललकारी घातली. मावश्यांनी तिच्यात सूर मिसळला. आत्याने तर ताटावरचं फडकंसुद्धा काढलं.

परीक्षक खुर्चीत परत बसले तेव्हा कुठे ललकारी थांबली. वसीला मान खाली घालून उभी. मार्गदर्शकाने परीक्षेत तोंड उघडायचं नाही, असा नियम. उनीसाबाईंनी तो उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. त्या उठल्या, मागच्या बाकाशी गेल्या आणि घरच्या भाषेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पास नाही केलं अजून. ते म्हणतात, प्रत्येक गावाचा गहू वेगळा, हे कशावरून?"

"अगो बाई! इतक्या गोड तोंडाने?"

"त्यांच्याकडे असंच विचारतात."

"मग ही मुकी का झाली? बोल की गं! माझं अख्खं अंगण अडवून ओंब्या मोजत बसायचीस, ते काय माशा मारायला?"

वसीलाला रडता रडता हसू फुटलं. तिने आधी आईकडे बघून आपल्या भाषेत सांगितलं, मग वळून तेच इंग्रजीत: एकच माती, एकच पाणी, शेजारी शेजारी पेरलेलं सगळ्या गावांचं बियाणं, आणि तरी प्रत्येक वाफा आपापल्या वेळी पिकला. हे आकडे तिने प्रबंधात शेवटी कुठेतरी ढकलून दिले होते. अंगणातला प्रयोग परदेशी माणसापुढे कसा मांडायचा, याची लाज वाटली म्हणून.

परीक्षकांनी ते पान काढलं. बराच वेळ वाचलं. तिसरं प्रकरण नव्याने लिहायचं, या अटीवर पदवी मान्य झाली. सगळे परीक्षक उभे राहिले, तरी या वेळी बायकांनी आधी उनीसाबाईंकडे पाहिलं.

मक्रूत वाटणं सुरू झालं. पडद्यावरचे गृहस्थ मात्र अजून गेले नव्हते. ते वसीलाशी काही बोलले आणि वसीलाने चटकन बाईंकडे पाहिलं.

"आता काय म्हणतोय तो?" तुर्कियाने विचारलं.

अभिनंदन करतोय, एवढं सांगून भागलं असतं. बाकीचे खाण्यात गुंतले होते. पण उनीसाबाईंनी खरं तेच सांगितलं.

"तिला बोलावतोय. दोन वर्षं, पगारावर. बियाणंही घेऊन ये म्हणतो, तिकडे जपून ठेवायची सोय चांगली आहे."

तुर्कियाचा हात ताटावरच थांबला. "तुझे ते तिघे गेले, ते किती दिवसांचं सांगून गेले होते?"

"असंच. थोड्याच दिवसांचं."

"आणि तू काय म्हणतेस, बहिणी?"

"मी थांब म्हटलं तर ती थांबेल," उनीसाबाई म्हणाल्या. "म्हणून मी म्हणणार नाही."

वसीला दोघींकडे बघत राहिली. मग ओढणीने डोळे पुसून ती पडद्याकडे वळली आणि तिने विचारलं, कधी यायचं.

हे इंग्रजी तुर्कियाला समजावून सांगावं लागलं नाही. तिने ताट उनीसाबाईंच्या हातात दिलं.

"धर. तुझ्या इथल्या लोकांना तूच वाट. मी जरा बसते."