कुंड्यांतलं तिखट

कंडक्टर निवृत्त झाला, पण उतारूंवर करडी नजर ठेवायची त्याची खोड काही निवृत्त झाली नाही. बस नव्हती, म्हणून ती नजर गच्चीवरच्या कुंड्यांवर पडली. आणि तिथे खारी होत्या. पाइपावरून चढायच्या, विनातिकीट आत शिरायच्या आणि प्रत्येक टोमॅटोला एकच चावा घेऊन पुढच्याकडे वळायच्या. अख्खा टोमॅटो खाल्ला असता तर त्याला एवढं लागलं नसतं. एकेक चावा म्हणजे शुद्ध माज होता. वाटाण्याची कोवळी रोपं तर त्या मुळासकट उकरायच्या आणि त्या खड्ड्यांत शेंगदाणे पुरून ठेवायच्या.

त्याने प्लॅस्टिकची जाळी लावली, ती त्यांनी कुरतडली. जुन्या सीडी टांगल्या, तर त्यांच्याखाली बसून त्या निवांत मिश्या साफ करायला लागल्या. शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की एवढे शेंगदाणे येतात कुठून? ते त्याच्याच स्वयंपाकघरातल्या डब्यातून येत होते. त्याची थोरली बहीण रोज सकाळी मूठभर दाणे कठड्यावर ठेवायची.

ताईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आता ती त्याच्याकडे राहत होती. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला आणि दुसऱ्यातला मोतीबिंदू नुकताच काढलेला. नजर अधू झाल्यापासून कुंड्यांची निगा ती हातांनीच राखायची. मातीत बोटं घालून तण कुठलं नि रोप कुठलं ते चाचपून ओळखायची. ऑपरेशननंतरही ती सवय सुटली नव्हती.

"तू त्यांचे लाड करतेस आणि माझी झाडं मरतात!" कंडक्टर कडाडला. "या घरात राहायचं असेल तर..."

पुढचं त्याने गिळलं, पण जेवढं बोलला तेवढं पुरेसं होतं. ताईने दाण्यांचा डबा फडताळात ठेवला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. मग यानेही टाकलं. हट्टीपणात दोघंही एका माळेचे मणी.

रोपवाटिकेतल्या माळ्याने त्याला सांगितलं, की खारींना तिखट सोसत नाही. कंडक्टरने त्याच संध्याकाळी डबाभर लाल तिखट कुंड्यांत भुरभुरलं आणि उडून जाऊ नये म्हणून वरच्या मातीत कालवलं.

"वन्सांना सांगितलंत का?" बायकोने विचारलं.

"तिला तोंड आहे. विचारेल तेव्हा सांगेन."

बायकोने हात टेकले. ताईचे हात रोज सकाळी कुठे असतात हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मुळीच नाही. जरा बोटं झोंबली तर झोंबू देत, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. डोळ्याचा विचार मात्र त्याने केला नाही, आणि पुढे त्याला हेच सर्वांत जास्त खात राहिलं.

सकाळी गच्चीवरून ताईची किंकाळी आली. ती कुंड्यांजवळ बसली होती, मातीचा हात डोळ्यावर घट्ट दाबून. हात डोळ्याला लागला म्हणून झोंबलं, झोंबलं म्हणून तिने आणखी चोळलं होतं. बायकोने पाण्याने डोळा धुतला, कंडक्टरने रिक्षा आणली. वाटेत ताईने त्याची बाही धरून ठेवली होती. अबोला कुणाच्याच लक्षात राहिला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी डोळा धुतला, दिव्याखाली पाहिला. "टाक्याजवळ सुजलंय. साधी माती एवढी झोंबत नाही. मातीत खत, औषध काही टाकलं होतं का?"

"छे हो," ताई म्हणाली. "भावाने काही टाकलं असतं तर मला सांगितल्याशिवाय राहिला असता का?"

कंडक्टर बाजूलाच उभा होता. आयुष्यभर भरलेल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा त्याचा आवाज फुटलाच नाही. थेंबांची चिठ्ठी घेतली, ताईला बाहेर बाकावर बसवलं, आणि मग मात्र त्याला पुढे पाऊल टाकवेना. तो एकटाच पुन्हा आत गेला.

"तिखट होतं. मी टाकलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "मघाशी विचारलं तेव्हा?"

त्यांनी ताईला परत आत बोलावलं आणि बराच वेळ, पापण्या उलट्या करून करून डोळा धुतला. "पुन्हा कशाला?" ताईने कण्हत विचारलं. डॉक्टरीणबाई कंडक्टरकडे बघू लागल्या. "त्या म्हणतात म्हणून," तो म्हणाला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

डोळ्यावर पट्टी होती तोवर तो तिला हाताला धरून न्यायचा, थेंब घालायचा, घास भरवायचा. "किती करतोस रे माझं," ती म्हणायची, आणि तो थेंबांच्या बाटलीचं झाकण उगाच पुन्हापुन्हा घट्ट करायचा. सगळ्या कुंड्यांतली माती त्याने काढून टाकली. सांगायचं मात्र रोज उद्यावर जायचं.

पट्टी निघाली तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यातली सगळ्यांत मोठी ओळ तिने वाचली. त्याखालची वाचता आली नाही. ऑपरेशननंतर ती याहून बरंच खालपर्यंत वाचत होती. "थोडं सुधारेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळं परत येईल असं मी सांगू शकत नाही."

घरी आल्यावर ताई गच्चीत खुर्चीवर बसली. "खारींचा आवाज नाही येत," ती म्हणाली. "बरं झालं. चूक माझीच होती. मी दाणे घालायला नको होते. तुझ्या हातची रोपं गेली, तुला राग येणारच."

कंडक्टर तिच्या पायांशी बसला.

"ताई, कुंड्यांत मी तिखट कालवलं होतं. खारींसाठी. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी गप्प बसलो."

ताईने अगदी हळू विचारलं, "आदल्या दिवशी मला का नाही सांगितलंस?"

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस ना."

ताईने त्याच्याकडे वळून पाहिलं. तिची नजर त्याचा चेहरा शोधत होती, पण त्याच्या कानाशेजारीच कुठेतरी थांबली.

"बोलत नव्हते रे," ती म्हणाली. "ऐकत तर होते."