करंगळीच्या बाजूचं हाड

"वहिनी, दोन्ही हात पोटावर ठेवा. हां, असे! आणि हसा की जरा, बाळ काय शेजाऱ्यांचं आहे का?" फोटो काढणारा चुलतदीर ओरडला आणि खोलीत हशा पिकला.

ठमीनं उजवा हात पोटावर ठेवला. डावा मांडीवरच राहिला.

"डावा, वहिनी, डावा पण!"

ती हसली. मग तिनं उजव्या हातानं डावा उचलला आणि पोटावर आणून ठेवला, बाजूला पडलेली पिशवी उचलून ठेवावी तसा. फोटो निघाला. टाळ्या झाल्या. भिंतीकडच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या बापाच्या ताटलीतला केक मात्र घसरून त्याच्या पँटवर पडला, आणि तो पुसायचं त्याला सुचलं नाही.

हा बाप सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं प्लास्टर घालत होता. डॉक्टर येत, बदली होऊन जात. हा तिथंच, बादली आणि पट्ट्या घेऊन. लहानथोर सगळे त्याला प्लास्टरमामा म्हणत. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती एक पोर, लाडाची ठमी, आता सातवा महिना पुरा होऊन आठव्यात होती, आणि तिच्या सासरी आज पहिल्या बाळाच्या कौतुकाला पन्नासएक माणसं जमली होती. फुगे होते, माळा होत्या, गाणी कान किटेपर्यंत चालू होती.

पोरं फुगे फोडत होती. फुगा फुटला की ठमीचे खांदे उडत. मामांनी मोजलं नाही, पण दर वेळी उडत. एवढ्या उकाड्यात तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा झगा घातला होता.

मधोमध तिचे सासरे बसले होते. आवाज मोठा, हात त्याहून मोठा. शेजारच्याच्या पाठीत गुद्दा घातल्याशिवाय त्यांचा विनोद पुरा होत नसे. "नातू झाला तर उत्तम," ते सांगत होते, "नात झाली तरी उत्तम. फक्त नातजावई मी निवडणार, आणि पहिल्याच दिवशी त्याच्या कानाखाली एक काढणार. म्हणजे पुढं कटकट नाही!" गुद्दा. हशा. "काय व्याहीबुवा, पटतंय ना?"

मामा म्हणाले, "हो हो." बोलून गेल्यावर त्यांना स्वतःचीच किळस आली.

हाडांबद्दल मामांना जे ठाऊक होतं ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. पडणारा माणूस तळहात टेकतो. मग मनगट जातं, बहुतेक अंगठ्याच्या बाजूनं. मार चुकवणारा माणूस हात तोंडापुढं आडवा धरतो. मग करंगळीच्या बाजूचं हाड जातं, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. एकतीस वर्षांत अशा किती बायका त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या असतील! कागदावर लिहिलेलं असे, जिन्यावरून पडून. न्हाणीघरात पाय घसरून. मामा कागद वाचत, हात बघत, आणि पट्टी पाण्यात बुडवत. बुडबुडे थांबले की पिळायची, गुंडाळायची, वरून हात फिरवून गुळगुळीत करायची. नवीन माणसाला ते शिकवत, "आपण हाड बघायचं, घर बघायचं नाही." हे वाक्य त्यांना फार शहाणपणाचं वाटे.

त्यातलीच एक बाई म्हणजे आजची विहीणबाई. पाच वर्षांपूर्वी ती मुलाला घेऊन आली होती. डावा हात, करंगळीची बाजू, मधोमध. कागदावर जिना. मुलगा आईची पिशवी धरून उभा, आईला पाणी पाजतोय, मामांना दर वाक्याला "अहो मामा" म्हणतोय. दीड महिन्यानं प्लास्टर कापताना तिनंच मामांकडं चौकशी केली, तुम्हाला मुलगी आहे ना? मामा हरखून गेले. आईची एवढी काळजी घेणारा मुलगा बायकोला फुलासारखी जपेल, असा त्यांनी हिशेब केला. हाताला मार लागला होता हे त्यांना तेव्हाही कळलं होतं. नवऱ्यानं मारलं असणार हेही कळलं होतं. पण मुलगा वेगळा, बाप वेगळा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. सोयरीक ठरवायला या घरी आले तेव्हा त्यांनी पाहिलं, चार खोल्या एका ओळीत, सगळ्या जमिनीवर. घराला जिनाच नव्हता. मामांना ते खटकलं. मग ते स्वतःला म्हणाले, दुसऱ्या कोणाकडचा असेल, जिने काय गावभर आहेत. माणसाला फसायचंच असलं की दुसऱ्याची गरज लागत नाही.

ठमी उठून मागच्या खोलीत गेली. मामा तिच्या मागोमाग गेले आणि दार लोटून घेतलं.

"हात बघू."

"काही नाही हो बाबा. झोपेत अवघडलाय."

"ठमे, हात बघू."

तिनं बाही वर केली. कोपराखाली जांभळं-काळं झालं होतं, कडेनं पिवळं पडत चाललेलं. मामांनी अंगठा हाडावरून हळूच सरकवत नेला. मधोमध आल्यावर तिनं ओठ चावला, आणि त्यांच्या अंगठ्याखाली हाड कुरकुरलं. ही कुरकुर त्यांनी हजारदा ऐकली होती. आज त्यांनी अंगठा झटकन उचलला.

"कधी?"

"परवा. जिन्यावरून पडले."

"कुठल्या जिन्यावरून?"

बाहेर गाणं बदललं.

"स्टूल फेकून मारलं," ती शेवटी म्हणाली. "मी फक्त एवढंच म्हटलं की एवढी माणसं नकोत, मला बसवत नाही फार वेळ. पोटावर येत होतं, म्हणून हात मध्ये घातला. कार्यक्रम होऊ दे, मग दवाखान्यात नेतो म्हणाले. बाबा, तुम्ही आता काही बोलू नका हं. आजचा दिवस जाऊ दे."

"चप्पल घाल," मामा म्हणाले.

दार उघडलं आणि जावई आत आला. इस्त्रीचा शर्ट, गालावर कुणीतरी लावलेलं केकवरचं क्रीम, हसरा चेहरा. "अहो बाबा, सगळे वाट बघतायत. भेटवस्तू उघडायच्यात." त्यानं ठमीकडं पाहिलं, वर सारलेली बाही पाहिली, आणि पाठीमागं दार लावलं. हसू तसंच होतं.

"मी हिला दवाखान्यात नेतोय," मामा म्हणाले.

"उद्या जाऊ ना. मी नेणारच आहे."

"आत्ता."

"बाबा, घरात पन्नास माणसं आहेत." आवाज अजून मऊच होता. "तमाशा करायचा नाही."

"तमाशा तू परवा केलास. बाजूला हो."

पहिला फटका मामांच्या तोंडावर बसला. दात ओठात घुसला आणि तोंड खारट झालं. त्यांना साठ वर्षांत कोणी असं मारलं नव्हतं. दुखायच्या आधी नवलच वाटलं. ठमी ओरडली, "अहो, नको!" तसा तो तिच्याकडं वळला. "तूच सांगितलंस ना? सांगितलंस ना?" कोपऱ्यात जास्तीच्या लोखंडी घडीच्या खुर्च्या उभ्या केल्या होत्या. त्यातली एक त्यानं दोन्ही हातांनी उचलली.

ठमीनं खाली बसून गुडघे पोटाशी घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं. ज्या सरावानं केलं, त्यावरून मामांना कळलं की परवाची वेळ पहिली नव्हती.

मामा मध्ये शिरले. हात आपोआप वर गेला, कपाळापुढं आडवा. खुर्ची आली. आवाज त्यांनी आधी ऐकला, कळ नंतर आली. कुठलं हाड गेलं हे त्यांना बघावं लागलं नाही.

खुर्ची पुन्हा वर चालली होती. मामांनी उजव्या हातानं जावयाचा अंगठा पकडला. निखळलेले अंगठे त्यांनी आयुष्यभर जागेवर बसवायला मदत केली होती. बसवायचा कसा हे ज्याला येतं, त्याला उलटं करणं काय अवघड? त्यांनी तो मागं वळवला आणि खेचला. टक्क झालं. जावई बैलासारखा हंबरला आणि खाली बसला. मामांनी अंगठा सोडला नाही. अजून थोडा पिळला. मग अजून थोडा. त्यांना बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की स्वतःचीच भीती वाटली, आणि मग त्यांनी सोडला.

"चप्पल घाल," ते परत म्हणाले.

बाहेरच्या खोलीत गाणं चालूच होतं. मामांच्या हनुवटीवरून रक्त शर्टावर गळत होतं, ठमी त्यांना धरून चालत होती. लोक बाजूला झाले. सगळ्यांना एकदमच आपल्या ताटलीत काहीतरी सापडलं. सासरे तेवढे उठले. "व्याहीबुवा, घरातलं भांडण आहे. आपलेच दात आपलेच ओठ. बसा खाली."

"माझे दात माझ्या ओठात गेलेत," मामा म्हणाले. "तुमचे सांभाळा."

सासऱ्यांनी ठमीची वेणी धरली. फार जोरात नाही. दावं धरावं तशी. तेवढ्यात विहीणबाई पुढं झाल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या हातावर टेबलावरची केक कापायची सुरी ठेवली, धारेच्या बाजूनं. दाबली नाही. नुसती ठेवली. सासऱ्यांनी वेणी सोडली.

रिक्षात विहीणबाई त्यांच्यासोबतच बसल्या. हातात ठमीच्या तपासणीची फाइल होती.

दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ठमीला झोपवलं आणि पोटावर ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. खरखर, खरखर, आणि बराच वेळ नुसती खरखरच. मामांनी धड हातानं ठमीचा धड हात धरून ठेवला होता. मग ठोका सापडला. शिवणयंत्र भरधाव चालावं तसा. ठमी हमसून हमसून रडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे हो बाळ. अगदी ठीक आहे." मग त्यांनी कागद ओढला. "मामा, आता तुमचं. कसं झालं?"

'पडलो' हा शब्द मामांच्या जिभेवर येऊन बसलाच होता. एवढ्या वर्षांची सवय.

"मारलं," ते म्हणाले. "जावयानं. लोखंडी खुर्चीनं. तसंच लिहा. आणि हिलाही त्यानंच, परवा, स्टुलानं."

"पोलिसांना कळवावं लागेल."

"कळवा."

डॉक्टरीणबाईंनी ठमीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. बाई लिहून बाहेर गेल्या, एक्स-रेची सोय बघायला.

विहीणबाई पायथ्याशी उभ्या होत्या. फाइल अजून छातीशीच. "मीसुद्धा पडले नव्हते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मला," मामा खाली बघत म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. माझा हात बघून तुमचा हात एकदा थांबला होता. मग तुम्ही पट्टी भिजवली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "हात उचलण्यात माझा मुलगा बापावरच गेलाय हे मला ठाऊक होतं. पोरगी कोणाची मागायची याचा मी फार विचार केला. म्हटलं, हा माणूस सगळं ओळखतो आणि बोलत नाही. याच्या घरची बरी. घर मोडणार नाही."

ठमीनं मान वळवली. रडून तिचे डोळे सुजले होते. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"तो असा निघेल हे नव्हतं माहीत."

"यांचा हात. जिना. ते माहीत होतं?"

खोटं बोलायची संधी अजून होती. विहीणबाईही कदाचित सावरून घेत्या.

"होतं," मामा म्हणाले.

त्यांच्या मुठीतला आपला हात ठमीनं सोडवून घेतला, हळूच, आणि पोटावर ठेवला. मग सासूला म्हणाली, "आई, तुम्ही बसा इथं माझ्याजवळ." आणि थोड्या वेळानं, छताकडं बघत, "तुम्ही बाहेर थांबा, बाबा."

मामा बाहेर आले. बोळात बाकावर माणसं बसली होती. एकजण सरकला, त्यांना जागा झाली. मोडका हात त्यांनी धड हातानं खालून पेलून धरला. प्लास्टरच्या खोलीतून बदली माणसाचा आवाज आला, "पुढचा!"

मामा सवयीनं उभे राहिले. मग परत बसले. त्यांच्या आधी अजून चौघं होते.