बाहुल्यांची संगीत मंडळी

साठी उलटलेल्या बाईने बाहुल्या जमवाव्यात, हे नातेवाइकांना कधी पचलंच नाही. नीरजा पाटणकरला त्याचं काही वाटत नसे. पाहुणी आलेली एखादी मावससासू ‘अजून भातुकली चाललीय वाटतं’ म्हणून गालातल्या गालात हसली, की नीरजा तिला साखर विसरलेला चहा द्यायची आणि विषय संपवायची. बाहुल्याही साध्यासुध्या नव्हत्या. परदेशी घाटाच्या, लांब मानेच्या, नखरेल फॅशन बाहुल्या. कुठली भाचीने परदेशातून येताना आणलेली, कुठली दिल्लीच्या प्रदर्शनात हट्टाने मिळवलेली. घरी आल्या की नीरजा त्यांचे तोकडे झगे उतरवायची, पिवळे केस काळे रंगवायची, गरम पाण्यात बुडवून त्यांचा खोपा बसवायची आणि विणकरांच्या मोहल्ल्यातून आणलेल्या बनारसी तुकड्यांची नऊवारी त्यांना नेसवायची. फक्त पायांपुढे तिने हात टेकले होते. या बाहुल्यांचे पाय उंच टाचांच्या चपलांसाठीच घडवलेले, त्यामुळे नऊवारीतली नायिकासुद्धा कायम चवड्यांवर उभी. तिला मागून तारेचा आधार द्यावा लागे आणि ती जमिनीपासून केसभर अधांतरीच राही.

हा नाद एकटीचा नव्हता. तिचे यजमान दिनानाथ रेल्वेच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. जन्म वैदिकांच्या घरातला, पण पोथ्यांपेक्षा नाट्यपदांत जास्त रमणारा हा माणूस. काशीत मराठी संगीत नाटक बघायला मिळणार कुठे? गणेशोत्सवात मंडळाचं एक व्हायचं, तेही पुढे बंद पडलं. मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःचंच थिएटर उभं केलं. बाहुलीच्या उंचीला मोजूनमापून बेतलेला लाकडी रंगमंच, ओढता येणारा मखमली पडदा, दोन्हीकडे विंगा. नेपथ्याचं सामान जमवण्यात दोघांचा सगळा संसार गेला म्हटलं तरी चालेल. रामनगरच्या तांबटाने करून दिलेली करंगळीएवढी समई, लाकडी खेळणी करणाऱ्या कारागिराकडचा तबला-डग्गा, उघडणारा पानाचा डबा, आणि भाता खरोखर हलणारी पेटी.

गायचे दिनानाथ, नायक-नायिका दोघांचंही. बाहुल्या हलवायची नीरजा. तिचा स्वर असा की आरतीतसुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवायची. तेव्हा तिला चिडवायला म्हणून दिनानाथांनी एक नाटुकलं स्वतः रचलं आणि त्यातल्या सुरेल नायिकेचं नाव ठेवलं नीरजा. नायक पहाटे नाव घेऊन घाटाशी येतो आणि वर निजलेल्या नायिकेला हाक घालतो, ‘नीरजे, ऊठ ग, नाव आली घाटाला.’ लटक्या रागाने नीरजा तेव्हा मुद्दाम नायिकेला पाठमोरी उभी करायची. प्रयोगाआधी रंगपूजा मात्र दोघं न चुकता करायची. कुठल्याही नाटक मंडळीत होते तशीच. नारळ, उदबत्ती, समई, रंगमंचाला हळदीकुंकू, आणि दिनानाथांच्या हौसेपायी प्रत्येक बाहुलीच्या कपाळाला एक बोट कुंकू.

मग दिनानाथांना झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा पूर्ण गेली. डोळ्यांत सगळं कळल्याची खूण दिसायची, पण ओठांतून साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. एका संध्याकाळी काहीच सुचेना म्हणून नीरजाने शेजारच्या दोन मुलांच्या मदतीने त्यांची खुर्ची वरच्या खोलीत नेली, रंगपूजा केली, पडदा ओढला आणि विंगेतून नायिकेला बाहेर काढलं. आणि दिनानाथ गायले. शब्द स्पष्ट, सूर जागच्या जागी. ‘नीरजे, ऊठ ग, नाव आली घाटाला.’ नीरजाच्या हातून तार सुटली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. डॉक्टरांना ते सोपं होतं. पण तिच्या नवऱ्याच्या तोंडून तिचं नाव निघण्याची जगात आता ही एकच जागा उरली होती, हे त्यांना कोण सांगणार?

तेव्हापासून रोज संध्याकाळी प्रयोग. तिने पुष्कळ करून पाहिलं. नुसती खोलीत बसवून, स्वतः ती ओळ बेसूर म्हणून, मोबाइलवर त्यांचंच गाणं भरून ऐकवून. ध्वनिमुद्रण ते शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसं ऐकायचे. नायिका विंगेतून आली की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा आणि हाक यायची. त्या खेळात ते बाहुलीकडे बघत नसत, बायकोकडे बघत. नीरजा त्या हाकेवर दिवस ढकलत होती.

फाल्गुनात दिनानाथांच्या छातीत कफ भरला आणि त्यांना इस्पितळात हलवावं लागलं. धावपळीत नीरजाने किल्ल्यांचा जुडगा धाकट्या दिराच्या हातात दिला आणि देवांची पूजा तेवढी बघा, असं सांगितलं. दीर म्हणजे देवदत्त, घराण्याची भिक्षुकी पुढे चालवणारे, दशग्रंथी, काशीच्या मराठी घरांत ज्यांच्या शब्दाला मान आहे असे. स्वभावाने इतके निर्मळ की त्यांच्यावर रागावणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. दादांचं नाटकाचं खूळ त्यांना मानवत नसे, म्हणून उगीच कटुता नको या विचाराने त्यांनी त्या वरच्या खोलीत इतकी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. वहिनींच्या बाहुल्या म्हणजे चिंध्यांच्या, पोरींच्या खेळातल्या, एवढीच त्यांची कल्पना.

आता देवांसाठी स्वच्छ वस्त्र शोधत ते नेमके त्या खोलीत गेले. त्यांना काय दिसलं? मखमली पडद्याआड एक लाकडी देव्हारा. त्यापुढे नारळ, समई, सुकलेली फुलं. आत भरजरी वस्त्रं ल्यालेल्या मूर्ती, प्रत्येकीच्या कपाळी कुंकू. त्यांचे पाय भुईला टेकत नाहीत, पापणी लवत नाही. आणि ही तर देवांची लक्षणं म्हणून देवदत्तांनी लहानपणापासून पाठ केलेली. वहिनींनी घाईत सांगायचं राहून गेलं असेल, असं म्हणून त्यांनी कान धरले आणि दुसऱ्या दिवसापासून तिथेही साग्रसंगीत पूजा सुरू केली. नैवेद्याला केळी आणि पेढे. धूप कोंडू नये म्हणून खिडकी उघडी.

काशीत उघड्या खिडकीपुढे केळी ठेवणं म्हणजे काय, हे खरं तर तिथल्या तान्ह्या मुलालाही कळतं. वानरांची टोळी आली. नैवेद्य तर गेलाच, पण नायिकेचं मुंडकं धडावेगळं झालं, नायकाचा हात चावून चघळून टाकला, पेटीचा भाता फाटला.

नीरजाला हे कळलं ते दिनानाथांना घरी आणल्यावर. संध्याकाळी तिने खुर्ची वर नेली, पडदा ओढला, आणि रंगमंच मोकळा. धुऊनपुसून लख्ख. वर गोमूत्र शिंपडल्याचा वास. तिने देवदत्तांना बोलावून घेतलं. ते आले तेच खाली मान घालून. त्यांनी सगळं सांगितलं, एक अक्षर न लपवता. खंडित मूर्ती घरात ठेवता येत नाहीत. एका पीठावरचे देव, निम्मे ठेवून निम्मे कसे सोडायचे? तेव्हा सर्वांचं विसर्जन केलं, पूजेच्या उपकरणांसकट. मणिकर्णिकेच्या पुढे नाव मधल्या धारेत नेली. मूर्ती तरंगू लागल्या, म्हणून प्रत्येकीला धाग्याने दगड बांधला. आपल्या हातून अपराध झाला म्हणून तीन दिवस उपास केला, आजही काही घेतलेलं नाही.

नीरजाला ओरडायचं होतं, पण समोर हा उपाशी, पांढऱ्या मिशीचा माणूस लहान मुलासारखा हात जोडून उभा होता.

“भावोजी, त्या बाहुल्या होत्या,” ती म्हणाली. “खेळातल्या.”

देवदत्तांना समजेना. “पण वहिनी, कुंकू तुम्हीच लावलं होतं ना? नारळ तुम्हीच ठेवला होता?”

“हो.”

“मग? मूर्ती तरी काय असते? माती, नाही तर पत्थर. आपण पूजा करतो, तेव्हा देव होतो. तुम्ही रोज पूजा करत होता. मी काय गलत केलं, ते सांगा.”

शोधशोध शोधलं तरी त्यांच्या बोलण्यात तिला फट सापडेना. तिने त्यांना कसंबसं दूध प्यायला लावलं आणि वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी दिनानाथ रिकाम्या रंगमंचाकडे बघत बसले. मग तिच्याकडे बघितलं. नीरजाने विंगेत हात घालून नुसती दोन बोटं पुढे चालवली, बाहुली चालवायची तशी. दिनानाथांचा जबडा थरथरला, काहीतरी वर येऊ पाहत होतं, पण आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग त्यांनी वर जायला नकार दिला. खुर्चीचा हात डाव्या हाताने घट्ट धरून ते बसून राहिले. नीरजा एक दिवस त्या विसर्जनाच्या नावाड्याकडेही जाऊन आली. बिचारा हसला नाही, पण आता काही हाती लागायचं नाही, एवढं त्याने तिला समजावलं.

घर असं मुकं झालं की तिला भांड्यांचा आवाज नकोसा व्हायला लागला. आपल्या नावाने आता आपल्याला शेजारीपाजारीच हाक मारणार, हे तिला एका दुपारी तांदूळ निवडताना उमगलं आणि ती तिथेच रडली.

मदतीला धावली ती रुचा, देवदत्तांची मुलगी, बँकेत नोकरी करणारी. “काकू, टेन्शन नका घेऊ, मी मागवते ना, सेम टू सेम,” म्हणाली आणि खरंच जुने फोटो ताडून तिने तशाच बाहुल्या मागवल्या. नीरजाने पुन्हा सुई हातात धरली. डोळे पूर्वीसारखे राहिले नव्हते, सुईत दोरा ओवायला रुचाला बसवावं लागे. केस काळे झाले, खोपा बसला. जुन्या नायिकेच्या शालूतला एक तुकडा ट्रंकेत सापडला, तेव्हा नीरजाला कितीतरी दिवसांनी हसू आलं. रामनगरहून नवी समई आली. वैशाखात, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी प्रयोग करायचा असं ठरलं.

त्या दिवशी दिनानाथांनी खुर्ची वर न्यायला विरोध केला नाही. नीरजाने त्यांना धुतलेला सदरा घातला, वर आणून बसवलं, आणि अर्ध्या सरकवलेल्या पडद्यातून दिसणारी नायिका पाहून त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, हे तिने स्पष्ट पाहिलं. औषधाची वेळ झाली म्हणून ती गोळी आणि पाणी आणायला खाली उतरली, आणि आतल्या खोलीत औषधाची डबी शोधण्यात तिचा बराच वेळ गेला.

ती वर येते तर खोलीत घंटा वाजत होती. सोवळं नेसलेले देवदत्त रंगमंचापुढे बसले होते. रुचाने हौसेने त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मनाशी ठरवलं होतं की आपल्या हातून गेलेलं आपल्याच हातून परत आलं पाहिजे. पंचामृत, दर्भ, अक्षता, सगळी तयारी बरोबर आणलेली. डोळे मिटून, नायिकेच्या छातीला दर्भाचं टोक लावून ते तिच्यात प्राण आणत होते, आणि त्यांचा आवाज इतका गहिवरलेला होता की नीरजाला थांबा म्हणवेना. चाललेला मंत्र तोडायचा कसा? ती दारात गोळी मुठीत धरून उभी राहिली. संपू दे, संपलं की प्रयोग सुरू करीन, असं ती स्वतःला सांगत राहिली. रुचाही ओशाळून कोपऱ्यात उभी होती.

पूजा संपली. नीरजाने पुढे होऊन विंगेत हात घातला.

“वहिनी, आता हलवायचं नाही,” देवदत्त अगदी हळुवारपणे म्हणाले. “प्रतिष्ठा झाली.”

तिने ऐकलं नाही. तिने तार धरली आणि नायिकेला एक पाऊल पुढे आणलं, आणखी एक पाऊल, थेट दिनानाथांच्या समोर. आयुष्यात पहिल्यांदा तिने दिराचा शब्द मोडला होता. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

दिनानाथांनी नायिकेकडे बघितलं. तिच्या कपाळीच्या अक्षता बघितल्या, भावाच्या अंगावरचं सोवळं बघितलं. मग त्यांनी डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलला, छातीशी आणला, दोन्ही तळवे कसेबसे जुळवले आणि डोळे मिटून घेतले. वैदिकाच्या घरात जन्मलेला तो माणूस देवापुढे बसला होता. ओठ शांत होते. हवी तेवढी वाट पाहा, ते उघडणार नव्हते.

देवदत्तांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “पाहिलंत ना, वहिनी?” ते म्हणाले. “दादांना सगळं समजतं.”

“हो, भावोजी,” नीरजा म्हणाली.

त्यांनी तीर्थाची पळी पुढे केली. नीरजाने मुठीतली गोळी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.